रोहिणखेडचा पाषाण आणि उष्णतेचा कॅमेरा

पौषातल्या पहाटे घाटाखालच्या कुठल्याही विहिरीत डोकावा, पाण्यावर वाफ तरंगताना दिसते. बादली ओढून हात घातला तर पाणी कोमट लागते. तेच पाणी वैशाखात गारेगार. ‘जमिनीच्या पोटात आग आहे, म्हणून थंडीत पाणी तापते’ हा खुलासा घरोघरी ऐकायला मिळतो. मग ऐन उन्हाळ्यात ती आग कुठे जाते, हे मात्र कोणी विचारत नाही.

खरे तर त्या पाण्याचे तापमान वर्षभरात फारसे बदलत नाही. बदलते ती बाहेरची हवा आणि तिला सरावलेला आपला हात. सूर्याची वर्षाची उष्णता लाटेसारखी जमिनीत उतरते आणि उतरता उतरता विरते. बेसॉल्टसारख्या खडकात तीनएक मीटरवर तिचा जोर एक तृतीयांशावर आलेला असतो. दहाएक मीटरवर जेमतेम पंचविसावा हिस्सा उरतो. शिवाय ती तिथे पोचेपर्यंत वरचे अर्धे वर्ष उलटून गेलेले असते. म्हणजे विहिरीच्या तळाशी जी काही थोडी ऊब पौषात पोचते, ती वैशाखाचीच असते. तिचा भूगर्भातल्या आगीशी संबंध नाही.

हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की बादलीत घातलेल्या हाताचीच सुधारलेली आवृत्ती आता हातात धरता येते, ड्रोनला बांधता येते, उपग्रहावरही बसवलेली असते. तिचे नाव थर्मल कॅमेरा. खडकाचे निळे-पिवळे-तांबडे चित्र तो क्षणात देतो, आणि ते पाहून ‘इथे खाली ऊर्जा आहे’ असे बोलण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. रोहिणखेडच्या शिवाराचे उदाहरण घेऊन या कॅमेऱ्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे इथे तपासायचे आहे.

रोहिणखेड हे मोताळा तालुक्यातले, अजिंठ्याच्या रांगेला टेकलेले गाव. बुलडाण्याच्या बोलीत सांगायचे तर घाट संपतो आणि ‘घाटाखाली’ सुरू होते तिथले. घाटाच्या तोंडाशी असल्यामुळेच इथे १४३७ साली बहामनी आणि खानदेशच्या फौजा भिडल्या, आणि पुढे दीडशे वर्षांनी अहमदनगरच्या गादीचा झगडाही इथेच निकाली लागला. सैन्यांनी जी पायरी चढण्या-उतरण्याची वाट धरली, ती पायरी लाव्ह्याच्या थरांची आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर ओतत गेलेला दख्खनचा काळा पाषाण इथे कापला गेला आहे. विहीर खणणाऱ्यांना त्याचे पोटभेद भूशास्त्र न शिकता ठाऊक असतात: वर काळी माती, मग मुरूम, मग कधी भोकाभोकांचा मांजऱ्या, कधी सुरुंगाशिवाय न हलणारा घट्ट काळा पाषाण, आणि दोन थरांच्या मध्ये एखादी तांबडी पट्टी. उत्तरेला पूर्णेचे गाळाचे खोरे, त्यापलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी गाविलगडचा भ्रंश. हा सारा भूभाग नर्मदा-तापीच्या जुन्या भेगाळ पट्ट्याच्या कडेला येतो, म्हणूनच इथे ‘भू-औष्णिक’ हा शब्द अधूनमधून उच्चारला जातो.

आता कॅमेऱ्याकडे. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे किरण सोडत असते. सूर्य तापलेला असल्याने त्याचे किरण डोळ्यांना दिसतात. २७ अंश सेल्सिअसचा दगड सर्वाधिक किरण सोडतो ते १० मायक्रोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीवर, अवरक्त पट्ट्यात. सुदैवाने ८ ते १४ मायक्रोमीटरमध्ये हवा बऱ्यापैकी पारदर्शक असते, त्यामुळे दगडाचे हे ‘बोलणे’ उपग्रहापर्यंतही पोचते. स्टेफान-बोल्ट्समान नियमाप्रमाणे या तापमानाचा आदर्श पृष्ठभाग चौरस मीटरला सुमारे ४६० वॉट सोडतो.

पण दगड आदर्श नसतो. तो आदर्शाच्या किती टक्के किरण सोडतो त्याला उत्सर्जकता म्हणतात. बहुतेक खडकांची उत्सर्जकता ०.९ आणि ०.९८ यांच्या दरम्यान भरते. फरक किरकोळ वाटतो, पण ०.९२ची जागा ०.९५ धरली तर तापमान दीड-दोन अंशांनी चुकते. धूळ बसलेला कडा, शेवाळ धरलेला कडा आणि ताजा फुटलेला कडा एकाच तापमानाचे असले तरी चित्रात तीन रंगांचे दिसू शकतात. कॅमेरा तापमान मोजत नाही, किरण मोजतो. तापमान आपण त्यावरून काढतो. निम्मे गैरसमज इथेच जन्मतात.

उरलेले निम्मे गैरसमज खोलीबद्दलचे. कॅमेऱ्यापर्यंत येणारे किरण निघतात ते खडकाच्या वरच्या मिलिमीटरहूनही पातळ कातडीतून. त्या कातडीचे तापमान ठरते ते खालच्या साधारण पंधरा सेंटिमीटरच्या थरावर, कारण दिवसा-रात्रीची उष्णतेची लाट तेवढीच आत जाते. पावसाळ्या-उन्हाळ्याची लाट धरली तरी तीनएक मीटर. त्याखालचा खडक कॅमेऱ्याच्या दृष्टीने अंधारात.

‘पण पृथ्वीच्या पोटातली उष्णता वर येतेच ना?’ येते. ती किती हे पाहू. दख्खनच्या पाषाणात आणि त्याखालच्या खडकात बोअर घेऊन जी मोजमापे झाली, त्यांत किल्लारी आणि कोयना परिसरातले आकडे चौरस मीटरला ४० ते ४५ मिलिवॉटच्या आसपास येतात. रोहिणखेडला ४५ धरू. म्हणजे एक हेक्टर रानाखालून अहोरात्र वर येणारी सगळी उष्णता, एक कणही वाया न घालवता गोळा केली, तर ४५० वॉट. आंघोळीचे पाणी तापवायच्या साध्या रॉडलाही याच्या दुप्पट-तिप्पट लागतात. दुपारच्या उन्हात अर्ध्या चौरस मीटरवर सूर्य एवढे देऊन जातो. या ४५ मिलिवॉटने जमिनीची कातडी किती तापेल? किरणांचाच हिशेब धरला तर एका अंशाच्या सात हजारांश भागाने. वारा सुटला तर त्याहून कमी. हातातला साधा थर्मल कॅमेरा सहसा एका अंशाच्या पन्नास हजारांश भागाच्या आसपासचा फरक ओळखतो, आणि ढगाची एक सावली सरकली तर दगड काही अंशांनी निवतो. पृथ्वीची अंगभूत ऊब चित्रात शोधणे म्हणजे जत्रेतल्या ढोलांत कुणाच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकणे.

मग कॅमेरा निरुपयोगी का? मुळीच नाही. तो उष्णतेचा साठा दाखवत नसला तरी खडक दाखवतो, भेगा दाखवतो आणि प्रयोगशाळेत तर फार मोलाची गोष्ट मोजून देतो.

खडक ओळखण्याचा पहिला मार्ग औष्णिक जडत्वाचा. उष्णतावाहकता, घनता आणि विशिष्ट उष्मा यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे हे जडत्व. घट्ट बेसॉल्टसाठी ते, रूढ एककात, २,२०० च्या आसपास. कोरड्या भुसभुशीत मातीचे ६०० च्या घरात. जडत्व जास्त असेल तर दिवसा कमी तापणे आणि रात्री कमी निवणे. रोहिणखेडची १५८२ची जुनी मशीद किंवा गावातला कुठलाही दगडी वाडा घ्या. उन्हाळ्यात रात्री दहा वाजता अशा भिंतीला पाठ लावून बसलेल्या माणसाला हे सूत्र शिकवावे लागत नाही. दुपारचे आणि पहाटेचे असे दोन फोटो एकमेकांवर ठेवले की घट्ट पाषाणाचे पट्टे कमी फरकाचे आणि मुरमाचे, मातीचे पट्टे जास्त फरकाचे निघतात. एकट्या दुपारच्या फोटोवरून मात्र काही ठरवू नये. सूर्योदयानंतर थोड्या वेळाने आणि सूर्यास्ताच्या आसपास तर खडक आणि माती यांची तापमाने एकमेकांना ओलांडतात. त्या घटकेचे चित्र सपाट, निरर्थक येते.

इथे वऱ्हाडातल्या रब्बीने टाकलेला एक सापळा सांगायला हवा. ओल धरलेल्या काळ्या मातीचे जडत्व २,००० च्या वर जाते, म्हणजे जवळजवळ पाषाणाएवढेच. जानेवारीत पाणी दिलेले गव्हाचे रान आणि उघडा खडक पहाटेच्या चित्रात सारखेच उबदार दिसू शकतात. ज्याने शेत पाहिले नाही, फक्त संगणकाचा पडदा पाहिला, तो तिथे ‘खडकाचा उंचवटा’ आखून मोकळा होतो.

दुसरा मार्ग खनिजांचा. सिलिका भरपूर असलेले खडक ८.५ ते ९.३ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात कमी किरण सोडतात. बेसॉल्टसारख्या कमी सिलिकेच्या खडकात ही घट १० मायक्रोमीटरकडे सरकते. टेरा उपग्रहावरच्या ॲस्टर या यंत्राला अवरक्तात पाच वेगवेगळे पट्टे आहेत ते याचसाठी. ग्रॅनाइटच्या प्रदेशात हा मार्ग छान चालतो. रोहिणखेडला मात्र सगळाच बेसॉल्ट, त्यामुळे या पद्धतीकडून इथे फारशी अपेक्षा ठेवू नये. थरांमधली तांबडी पट्टी आणि गारगोटीने भरलेला मांजऱ्या जवळून ओळखता येतात, एवढेच.

खरा कस लागतो भेगांवर. भूगर्भातली उष्णता वर आणणारे एकमेव जलद वाहन म्हणजे पाणी. पावसाचे पाणी भेगांतून एक-दोन किलोमीटर खाली जाते, तापते, आणि दुसऱ्या भेगेतून लवकर वर आले तर वाटेत निवत नाही. चोपडा तालुक्यातले उनपदेव, अमरावतीतले सालबर्डी, नांदेडकडचे उनकेश्वर, आणि कोकणात वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरपर्यंतची उन्हाळी ही सगळी अशीच आहेत. कोकणातल्या झऱ्यांचे पाणी ३४ ते ७१ अंशांपर्यंत भरते. गावकऱ्यांनी नावातच ‘उन’ घालून हे नकाशे शेकडो वर्षांपूर्वीच काढून ठेवले आहेत; नवख्या संशोधकाने उपग्रहाची चित्रे उघडण्याआधी तालुक्यातल्या गावांची यादी वाचलेली बरी.

उपग्रहाला असे झरे दिसतात का? लँडसॅट ८ चा उष्णतेचा एक ठिपका १०० मीटर लांब-रुंद असतो. समजा तीन मीटर लांब-रुंद कुंडातले पाणी आजूबाजूपेक्षा ३० अंशांनी गरम आहे. कुंडाचे क्षेत्र ९ चौरस मीटर, ठिपक्याचे १०,०००. सरासरीत फरक पडला एका अंशाच्या तीन शतांशांहूनही कमी. म्हणजे उनपदेवासारखे कुंडही त्या चित्रात विरून जाईल. लडाखमधल्या पुगा खोऱ्यात उपग्रहाची पद्धत लागू पडते, कारण तिथे गरम जमिनीचा पट्टाच किलोमीटरभर पसरलेला आहे, झाडी नाही, आणि भोवतालची थंडी कडाक्याची आहे. तिथले यश पाहून तीच कृती बुलडाण्यात उतरवणे चुकीचे.

इथे ड्रोन किंवा हातातला कॅमेरा हवा, आणि वेळ हवी ती पौष-माघातल्या पहाटेची, सूर्य उगवण्याआधीची. भूजल तेव्हा २६-२८ अंशांवर असते आणि कडा बारा-पंधरावर आलेला असतो. घाटाच्या उतारावर दोन लाव्हा थरांच्या सांध्यातून, तांबड्या पट्टीच्या माथ्यावरून जिथे पाणी पाझरते, तिथे चित्रात एक उजळ रेघ उमटते. डोळ्यांना तिथे फक्त ओलसर डाग दिसला असता, किंवा तोही नाही. अशा रेघा जिथे एका सरळीत येतात तिथे भेग असण्याची शक्यता चांगली. पण ती उजळ रेघ ‘गरम झरा’ नव्हे. ते आपल्या विहिरीचेच पाणी. गरम झरा म्हणायचे तर मे महिन्यातही, ४३ अंशांच्या हवेला न जुमानता, त्याचे पाणी नेहमीच्या भूजलापेक्षा ठळकपणे गरम भरले पाहिजे. थंडीतले एक चित्र आणि उन्हाळ्यातली एक मोजणी, दोन्ही हाती आल्याशिवाय पैसा खर्च करू नये.

आता प्रयोगशाळेकडे वळू. माझ्या मते या तंत्राचे सर्वांत भक्कम काम इथेच होते, आणि त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रात क्वचितच येतात. जमिनीतून वर येणारी उष्णता काढायची तर दोन आकडे लागतात: खोलीबरोबर तापमान किती वाढते, आणि खडकातून उष्णता किती सहज वाहते. पहिला आकडा बोअरमध्ये थर्मामीटर सोडून मिळतो. दुसरा, म्हणजे उष्णतावाहकता, मिळवण्यासाठी बोअरमधून काढलेला दगडाचा दंडगोल, ज्याला कोअर म्हणतात, तो तपासावा लागतो. रशियन शास्त्रज्ञ युरी पोपोव यांनी विकसित केलेल्या पद्धतीत कोअरवर काळ्या रंगाचा पट्टा ओढतात, म्हणजे उत्सर्जकतेचा घोळ आधीच मिटतो. मग उष्णतेचा एक बारीक ठिपका ठरावीक वेगाने त्या पट्ट्यावरून सरकवतात, आणि मागोमाग ठरावीक अंतरावर अवरक्त संवेदक दगड किती तापला ते वाचत जातो. ज्या दगडातून उष्णता लवकर पळते तो कमी तापतो. शेजारी माहीत वाहकतेचा एक प्रमाणित दगड ठेवलेला असतो. दोघांच्या तापण्याचे गुणोत्तर काढले की अज्ञात वाहकता मिळते. दगड फोडावा लागत नाही, पाण्यात उकळावा लागत नाही, आणि कोअरच्या लांबीवर इंचाइंचाला वाहकता कशी बदलते तेही कळते.

दुसरी एक सोपी कृती. दगडाचे सारखे तुकडे भट्टीत एकाच तापमानाला आणायचे आणि बाहेर काढून पहिली दहा मिनिटे थर्मल कॅमेऱ्याखाली निवू द्यायचे. इटलीतल्या संशोधकांनी सिसिलीच्या ज्वालामुखी खडकांवर दाखवले की जास्त सच्छिद्र दगड लवकर निवतो. आपल्या मांजऱ्याला ही कसोटी लावण्यासारखी आहे, कारण त्याची भोके कुठे रिकामी असतात, कुठे झिओलाइटने गच्च भरलेली. निवताना हे दोन्ही वेगवेगळे वागतात. बोअरमध्ये पाणी कुठे साठेल हे यावरच अवलंबून असते.

या मोजमापांवरून रोहिणखेडच्या खाली काय असेल त्याचा हिशेब मांडता येतो. आधी एक लोकप्रिय कल्पना बाजूला सारू: ‘हा लाव्ह्याचा प्रदेश, आइसलँडही लाव्ह्याचाच, मग तिथे वीज निघते तर इथे का नाही?’ आइसलँड आजही फाटणाऱ्या भेगेवर बसले आहे. दख्खनचा लाव्हा थंड होऊन युगे लोटली. एक किलोमीटर जाडीचा थर निवायला लागणारा काळ जाडीच्या वर्गाला खडकाच्या उष्णता-विसरणाने भागून मिळतो. बेसॉल्टसाठी तो ४० हजार वर्षांच्या आसपास येतो. सढळ हाताने दोन लाख धरा. इथे गेली आहेत ६ कोटी ६० लाख. त्या लाव्ह्याची ऊब आज शून्य आहे. जी येते ती त्याखालच्या ग्रॅनाइटसारख्या खडकांतल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांची आणि त्याहून खोलची.

किल्लारीला १९९३च्या भूकंपानंतर घेतलेल्या ६१७ मीटरच्या बोअरमध्ये बेसॉल्ट ३३८ मीटर निघाला. कोयनेच्या ३ किलोमीटर खोल वैज्ञानिक बोअरमध्ये तो १,२४७ मीटरवर संपला आणि ग्रॅनाइटी पाया लागला. रोहिणखेडसाठी हिशेबापुरता अर्धा किलोमीटर बेसॉल्ट धरू. ४५ मिलिवॉटला बेसॉल्टच्या वाहकतेने, सुमारे १.७ ने, भागले की किलोमीटरमागे २६ अंश. ग्रॅनाइटची वाहकता २.९ धरली तर किलोमीटरमागे १५-१६ अंश. गंमत अशी की काळा पाषाण घोंगडीसारखा वागतो: त्यात तापमान भराभर चढते, आणि तो संपला की चढण मंदावते. वरचे शंभर-दोनशे मीटर पाहून खालचे गणित ताणणारे इथेच फसतात. पृष्ठभागाचे २८ अंश, बेसॉल्टचे १३ आणि उरलेल्या अडीच किलोमीटरचे ३९ मिळवले तर ३ किलोमीटरवर साधारण ८० अंश.

८० अंशांच्या पाण्यावर वीज होते का? अलास्कातल्या चेना इथे २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर होते. पण तिथे ते पाणी जमिनीच्या जवळच मिळते आणि यंत्र थंड करायला बर्फाळ पाणी शेजारीच आहे. आपल्याकडे तीन किलोमीटर कठीण खडक फोडून, दुष्काळी तालुक्यात पाणी खाली ढकलून, ४३ अंशांच्या हवेत यंत्र थंड करायचे. देशाच्या भू-औष्णिक क्षमतेचा १०,६०० मेगावॉट हा आकडा वारंवार छापला जातो; त्यात पुग्याचा आणि छत्तीसगढच्या तातापानीचा वाटा असेल, घाटाखालच्या बुलडाण्याचा शोधू नये.

इथली जमिनीखालची ऊर्जा वेगळी आहे आणि ती विहिरीच्या बादलीत आपण रोज अनुभवतो. मेमध्ये हवा ४३ वर, आणि दहा मीटरखालचा पाषाण २८ वर. हा पंधरा अंशांचा गारवा फुकट पडून आहे. धान्य पेवात ठेवणाऱ्या पिढ्यांनी तो वापरला. आज शंभर मीटरच्या बोअरमध्ये नळीचा बंद फेरा सोडून, थेंबभरही पाणी न उपसता, शीतगृहाची नको असलेली उष्णता खडकात मुरवता येते. ढोबळमानाने मीटरमागे ३० ते ५० वॉट, म्हणजे बोअरमागे तीन-पाच किलोवॉट. उन्हाळाभर उष्णता ढकलत राहिले तर खडक तापत जाईल, म्हणून बोअर किती आणि किती अंतरावर घ्यायचे हे वाहकतेवरून ठरवावे लागते. घट्ट पाषाण, गच्च मांजऱ्या आणि वाहती भेग यांत मोठा फरक पडतो. पहाटेचा कॅमेरा आणि कोअरवरची चाचणी हाच फरक सांगू शकतात, आणि त्यांचा रोहिणखेडला खरा उपयोग तो आहे.

त्याआधीचे एक काम मात्र कॅमेऱ्याविना, मोताळ्याच्या किंवा बुलडाण्याच्या कुठल्याही महाविद्यालयातली चार मुले करू शकतात. वर्षभर पंप न चाललेली एखादी कोरडी नसलेली बोअर निवडा. दशांश अंश वाचणारा थर्मामीटर तारेला बांधून दर दहा मीटरवर थांबवत खाली सोडा. वरचे तीस मीटर सोडून द्या, तिथे ऋतूंची लुडबुड असते. त्याखालच्या प्रत्येक शंभर मीटरला पाणी अडीच अंशांच्या आसपास गरम होत गेले पाहिजे. मध्येच कुठे तापमानाने उडी मारली, तर तिथे भेगेतून पाणी वाहते आहे.